भोंगा सिस्टरची गोपनीय साक्ष

आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरना कुजबुजता येत नसे. हट्ट म्हणून नव्हे की खोडी म्हणून नव्हे, ती कलाच त्यांच्या अंगात नव्हती. एखाद्याला गाता येत नाही, एखादीला पोळी गोल लाटता येत नाही, तसं. "इकडे ये गा भाऊ, तुह्या कानात सांगायचं आहे," असं त्या म्हणाल्या की मी कान पुढे करण्याऐवजी मागे सरकायचो आणि रस्त्यापलीकडचा पानठेलेवाला चुना लावता लावता हात थांबवून ऐकायच्या तयारीत बसायचा. वस्तीनं त्यांचं नाव भोंगा सिस्टर ठेवलं होतं. गिरणीचा भोंगा ठरलेल्या वेळी व्हायचा आणि सिस्टर वेळ पाळत नसत, एवढाच काय तो फरक. हे नाव त्यांच्याही कानावर गेलेलं होतं. "ठेवू दे बाप्पा," त्या म्हणायच्या, "माह्यानं कोणाची झोप तर नाही मोडत?" मोडायची, पण ते त्यांना सांगणार कोण!

मी त्याच सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. नागपुरात एका गिरणीच्या मागच्या अंगाला वस्ती होती, तिच्या तोंडाशी हा दवाखाना. डॉक्टरांची एक खोली, मलमपट्टीची एक, माझी औषधांची खिडकी आणि व्हरांड्यात एक लांबलचक बाक. त्या बाकावर बसणाऱ्या प्रत्येकाला बाकीच्या सगळ्यांचे रोग तोंडपाठ असत. एकदा कुठल्याशा कचेरीतले हेडक्लार्क भर उन्हाळ्यात तोंडावर छत्री धरून आले आणि सिस्टरपाशी जाऊन काहीतरी पुटपुटले. सिस्टर म्हणाल्या, "मूळव्याध? मंग लाजता काहून? रक्त पडते काय?" बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं तिथल्या तिथे सुरण खायचा सल्ला दिला, दुसऱ्यानं तो कसा शिजवायचा ते सांगितलं. हेडक्लार्क लालबुंद होऊन निघून गेले. पुढच्या आठवड्यात ते परत आले ते छत्रीशिवाय, आणि बाकावर त्या म्हाताऱ्याशेजारीच बसले. सुरण लागू पडला होता.

सुमनचं तर विचारूच नका. ही वस्तीतल्या यशोदाबाईंची नवी सून. लाजत, पदर चावत सिस्टरपुढे उभी राहिली. सासू बाकावर होती आणि नवरा बाहेर रस्त्यावर सायकल धरून. "महिना चुकला काय वं?" एवढंच सिस्टर म्हणाल्या. यशोदाबाईंना आपण आजी होणार हे बाकावर कळलं आणि नवऱ्याला आपण बाप होणार हे रस्त्यावर. सायकल धाडकन पडल्याचा आवाज आला. पानठेलेवाल्यानं त्याला उठवून फुकटचं पान खाऊ घातलं. असली बातमी दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात असती तर सुमनला ती एकेकाला सांगत आठवडा काढावा लागला असता.

ह्या आवाजाचं मूळ मला त्यांच्या घरी चहाला गेलो तेव्हा सापडलं. सिस्टरचे आई-वडील दोघंही गिरणीत मागांवर कामाला होते. मागांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं काढलेली माणसं, हळू बोलायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. "साखर किती टाकू?" हे त्यांच्या आईनं मला असं विचारलं की मी घाबरून नकोच म्हणालो. वडील शेजारी बसून दीक्षेच्या दिवसाची गोष्ट सांगायला लागले, ही लहान पोरगी खांद्यावर बसून कशी घसा फुटेस्तोवर ओरडत होती ते, आणि गल्लीतली माणसं आपापल्या दारात उभी राहून मान डोलवू लागली. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. त्या घरात शांत असं तेवढंच.

पण त्याच घरात दुसरी एक विद्या होती. मागाच्या आवाजात ओरडूनही भागत नाही तेव्हा गिरणीतली माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखतात. सिस्टरचे आई-वडील मुलांसमोर न बोलायच्या गोष्टी घरीही अशाच बोलायचे, नुसते ओठ हलवून. मुलं काय कमी असतात? आपल्यापासून काय लपवतात ते कळावं म्हणून सगळी भावंडं लहानपणीच ओठ वाचायला शिकली. सिस्टर त्यांत पटाईत. व्हरांड्याच्या त्या टोकाला दोन बायका सुनांबद्दल गुपचूप बोलत असल्या की ह्या टोकावरून सिस्टर गरजायच्या, "खोटं नको सांगू वं, तुह्या सुनेनं तुले काल भजे खाऊ घातले!" माणसं मोठ्यानं बोलली तर सिस्टरना इतरांइतकंच ऐकू यायचं. हळू बोलली की मात्र त्यांचं जास्त लक्ष जायचं.

आता अशा बाईच्या वाट्याला डॉक्टर कसे यावेत? आमचे डॉक्टरसाहेब माणूस देवासारखा, हात हलका, पण बोलणं सगळं श्वासात. "वरून" हा त्यांचा आवडता शब्द. "वरून सांगितलंय," असं म्हणताना ते छताकडे बोट दाखवत, म्हणून पहिले काही दिवस मला वाटायचं की माडीवर कोणी राहतं. आमच्या दवाखान्याला माडीच नव्हती. सिस्टरची विद्या कळल्यापासून ते फोनवर बोलताना तोंडापुढे एक रिकामी फाइल धरायचे. "डॉक्टरसाहेब, फाइल खाली करा जी, मले दिसून नाही राहिलं," असं सिस्टर अगदी निरागसपणे म्हणायच्या आणि डॉक्टर खुर्ची भिंतीकडे फिरवायचे.

मी सांगतो आहे तो आणीबाणीतला उन्हाळा. सगळं नागपूर हळू आवाजात बोलत होतं. पानठेल्यावर, न्हाव्याकडे, लग्नाच्या पंगतीत, जो तो आधी मागे वळून बघायचा आणि मग तोंड उघडायचा. आमच्या व्हरांड्यातही "अफवा पसरवू नका" अशी पाटी येऊन लागली होती. ती पाटी सिस्टरनी स्वतः खिळा ठोकून लावली आणि ती लावताना, अफवा पसरवणाऱ्यांना आत टाकतात म्हणे, असं मला रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या हळू सांगितलं.

त्याच उन्हाळ्यात वस्तीत पिवळे डोळे दिसायला लागले. आधी पोरं, मग मोठी माणसं. कावीळ. ओळखायला डॉक्टर लागत नव्हता, आरसा पुरेसा होता. कारणही फार लांबचं नव्हतं. नाल्याकाठानं नव्या पाइपची लाइन टाकून नुकतंच तिचं थाटामाटात उद्घाटन झालं होतं. बँड, हार, भाषण, नळाच्या तोटीला गोंडा, सगळं. वस्तीत कावीळ आहे म्हटलं की पाण्याकडे बोट जाणार, पाण्यावरून पाइपकडे आणि पाइपवरून गोंडा सोडणाऱ्या हातांकडे. म्हणून तोंडी हुकूम आला. डॉक्टरांनी छताकडे बोट दाखवून तो आम्हाला सांगितला. कावीळ हा शब्द लिहायचा नाही, बोलायचा नाही, रोग्याला ताप आहे म्हणायचं. हे गोपनीय आहे.

"ताप म्हटल्यानं डोळे पांढरे होतात काय जी?" सिस्टरनी विचारलं. हुकूम गोपनीय राहिला तो तेवढाच वेळ. बाकावरचे सगळे एकमेकांचे डोळे बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी यशोदाबाई सुमनला घेऊन आल्या. पोट चांगलं दिसायला लागलेलं आणि डोळे हळदीसारखे. गरोदर बाईला कावीळ म्हणजे दोन जिवांशी खेळ. ताप म्हणून गोळ्या देऊन घरी धाडली असती तर कोणी जाब विचारला नसता. सिस्टरनी रिक्षा थांबवली, सुमनला आत बसवलं आणि रिक्षावाल्याला सांगितलं, "कावीळ आहे गा, पोटुशी आहे, मोठ्या दवाखान्यात ने, कुठी थांबू नको!" त्या आवाजानं पुढच्या चौकापर्यंत रस्ता मोकळा झाला. डॉक्टरांनी खोलीत डोकं धरलं. पण त्यांनीच मोठ्या दवाखान्यातल्या ओळखीच्या डॉक्टरला गुपचूप फोन करून सुमनला खाट मिळवून दिली, हे मला मागून कळलं.

मग एके दुपारी पाणी खात्याचे इंजिनिअर आले. सडपातळ, घामेजलेले, सभ्य गृहस्थ. बोलणं इतकं मऊ की आमचे डॉक्टर त्यांच्यापुढे पहिलवान वाटावेत. दोघं बोलायला दवाखान्यात बसले नाहीत, सिस्टरच्या भीतीनं बाहेर उभ्या असलेल्या अँबेसिडरमध्ये जाऊन बसले आणि काचा वर केल्या. मे महिन्यात, नागपुरात, भर दुपारी काचा वर! बाकावरच्यांना वाटलं ह्यांना ऊन लागलं. सिस्टर मलमपट्टीच्या खिडकीत कापसाचे बोळे वळत उभ्या होत्या. वळता वळता त्यांचा हात थांबला.

"पाह्य गा भाऊ," त्या मला म्हणाल्या, म्हणजे व्हरांड्याला, बाकाला आणि पानठेल्याला म्हणाल्या, "पाणीवाले साहेब सांगून राहिले, नमुना दोन्ही खेपेले खराब निघाला. जोडामधून नाल्याचं पाणी शिरून राहिलं म्हणते. डॉक्टर म्हणते, मंग लोकाईले सांगा. साहेब म्हणते, नाही, पाइप बदलेपर्यंत तोंड उघडायचं नाही, वरून आलं आहे." गाडीतल्या दोघांना काचांमुळे ह्यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं. ते बिचारे बोलतच होते, सिस्टर सांगतच होत्या आणि बाकावरचा एकेक माणूस उठून घरी पाणी उकळायला पळत होता. गाडीचं दार उघडलं तेव्हा बाकावर कोणी नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "पेशंट कुठे गेले?" मी म्हणालो, "बरे झाले वाटते."

व्हायचं ते झालं. सिस्टरवर चौकशी बसली. अफवा पसरवणे आणि शासकीय गोपनीयतेचा भंग, असे दोन आरोप एकदमच. हे दोन्ही एकाच वेळी कसे करता येतात हे मला आजवर उमगलेलं नाही. खोटं असेल तर गुपित कसलं, आणि गुपित असेल तर अफवा कसली? पण हसण्यावारी नेण्यासारखी ती गोष्ट नव्हती. नोकरी जाणार हे तर दिसतच होतं, आणि त्या दिवसांत माणसं तुरुंगातही जात होती. वडिलांची छाती कापसाच्या तुसानं भरलेली, ते घरी बसले होते. आईची नजर अधू झालेली. घर सिस्टरच्या पगारावर चालत होतं. पहिल्यांदाच मी त्यांना गप्प बसलेलं बघितलं आणि मला दवाखान्यात करमेना. "मी म्हणू काय गा, का मी ते मनानंच रचलं?" त्यांनी मला विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "मंग लोकं पाणी उकळणं बंद करतीन. सुमन अजून खाटेवर आहे." यशोदाबाई बाकावरूनच म्हणाल्या, "नाही म्हणू नको वं माय. आमी येतो तुह्यासंगं."

चौकशीला मुंबईहून साहेब आले होते. कचेरीची तळमजल्यावरची खोली. एका बाजूच्या खिडकीत भलामोठा कूलर आणि समोरच्या बाजूला रस्त्यावर उघडणारी खिडकी. आत साहेब, त्यांचा स्टेनो, सिस्टर, इंजिनिअर, डॉक्टर आणि साक्षीदार म्हणून मी. साहेबांनी बसल्या बसल्या हुकूम सोडला, "ही गोपनीय चौकशी आहे. सगळी दारं-खिडक्या बंद करा."

शिपाई घुटमळला. "साहेब, कूलर चालू असला म्हणजे समोरची एक खिडकी उघडी ठेवा लागते. नाही त चिपचिप होते."

"सांगितलं तेवढं करा."

नागपुरातलं शेंबडं पोरही सांगेल की कूलरच्या ओल्या हवेला बाहेर जायला वाट लागते. मुंबईच्या साहेबांना कूलर नवा होता. खिडकी बंद झाली आणि थोड्याच वेळात त्या खोलीचं इडलीचं भांडं झालं. डॉक्टरांच्या चष्म्यावर धुकं आलं. स्टेनोचा कागद लुळा पडला. साहेबांचा टेरिलिनचा शर्ट पाठीला असा चिकटला की आतल्या बनियनची कंपनी वाचता यावी. आम्ही नागपूरकर मुकाट बसलो होतो. कोणी काही सुचवलं नाही, सुचवायची सोयही नव्हती. शेवटी साहेब स्वतःच ओरडले, "अरे, उघडा ती खिडकी!"

खिडकी उघडली. साहेबांची तिच्याकडे पाठ होती, माझं तोंड. बाहेर चहाची टपरी होती आणि टपरीपुढे सगळी वस्ती उभी होती. त्या काळात जमाव करायला बंदी होती, म्हणून प्रत्येकाच्या हातात चहाचा ग्लास होता. भर उन्हात पन्नासेक माणसं गंभीर चेहऱ्यानं चहा पीत होती. पुढे यशोदाबाई, मागे ते मूळव्याधवाले हेडक्लार्क. मला हसू असं आलं की मी खोकल्याचं सोंग करून खाली वाकलो.

डॉक्टरांनी सिस्टरना सकाळपासून बजावलं होतं, बाई, आज तरी हळू. सिस्टरनी जिवाचा आटापिटा करून आवाज दाबला, म्हणजे तुमच्याआमच्यासारखा काढला. पण कूलरची घरघर मालट्रकसारखी. साहेबांना काही ऐकू येईना. "मोठ्याने बोला, बाई!"

सिस्टरचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. जन्मात त्यांना हे कोणी म्हटलं नव्हतं. "मोठ्यानं, साहेब? पक्कं?"

"अहो, पक्कं! लिहा हो स्टेनो, साक्षीदाराला मोठ्याने बोलण्याची सूचना दिली."

मग सिस्टर बोलल्या. साहेबांनी टेबल धरलं. पिवळ्या डोळ्यांपासून तोंडी हुकमापर्यंत आणि सुमनच्या रिक्षापासून अँबेसिडरच्या काचांपर्यंत, सगळं. बाहेर चहावाल्यानं स्टोव्ह बंद केला होता, त्याचाही आवाज नको म्हणून. साहेबांना वाटत होतं की आपण गोपनीय साक्ष घेतो आहोत.

साक्ष संपल्यावर साहेब मागे टेकून हसले. त्यांच्याकडे हुकमाचं पान होतं. "मोटारीच्या काचा बंद होत्या. बाहेर शब्दही येणं शक्य नाही. म्हणजे हे सगळं तुम्ही मनाने रचलं."

"मी ऐकलं नाही जी, पाह्यलं. मागावरचे लोकं ओठ पाह्यून समजते, तसं."

"ओठ वाचले? मागाच्या गोष्टी मला सांगू नका. इंजिनिअरसाहेब, उठा. त्या कूलरपाशी जा, बाईंकडे तोंड करा आणि आवाज न काढता काहीही बोला. हवं ते. बघू बाईंना काय वाचता येतं." हा प्रयोग फसला की सिस्टरचं सगळं बोलणं खोटं ठरणार होतं, नोकरीसकट.

इंजिनिअर उठले. कूलरच्या वाऱ्यात त्यांचे केस उडत होते. त्यांनी सिस्टरकडे बघितलं. मग त्यांचे ओठ हलले. थांबले. पुन्हा हलले, ह्या खेपेला बराच वेळ, आणि डोळ्यांत पाणी आलं. मला त्यातलं काही कळलं नाही. सिस्टरच्या चेहऱ्यावरचा रंग तेवढा उडालेला दिसला.

"हं," साहेब म्हणाले, "काय म्हणाले?"

सिस्टर बोलेचनात. मी मनातल्या मनात विनवण्या करत होतो, बाई, बोला. साहेबांच्या चेहऱ्यावर हसू पसरायला लागलं. तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, आणि साहेबांच्या आज्ञेप्रमाणे मोठ्यानंच म्हणाल्या, "ते म्हणते, पाणी आजबी खराब आहे. पाइप अजून आला नाही. लेकराईले उकळून पाजा, सगळ्याईले सांगा."

बाहेर ग्लास फुटल्याचा आवाज आला. साहेब इंजिनिअरकडे वळले. "हे म्हणालात तुम्ही?" तिथे त्यांनी नाही म्हटलं असतं तर सिस्टर संपल्या होत्या. इंजिनिअरनी मान खाली घातली आणि हो म्हणून हलवली.

"आणखी काय म्हणाले? ओठ तर बराच वेळ हलत होते."

सिस्टरनी इंजिनिअरकडे एकदा पाहिलं. "आणखी काही नाही जी," त्या म्हणाल्या. तेव्हा कुठे साहेबांना बाहेरचा कालवा ऐकू आला आणि ते मागे वळले. खिडकीत यशोदाबाई होत्या. "नमस्कार साहेब," त्या म्हणाल्या, "चहा घेता काय?"

कारवाई करणार कोणावर? खिडकी साहेबांनी उघडायला लावली, मोठ्यानं बोलायला साहेबांनी सांगितलं, प्रयोगही साहेबांचाच, आणि हे सगळं स्टेनोनं टिपून ठेवलं होतं. पेपरवर पहारा होता, म्हणून कुठल्याही पेपरात ओळ आली नाही, आणि संध्याकाळपर्यंत नागपुरात ही बातमी ठाऊक नसलेला माणूस उरला नाही. नवा पाइप ज्या घाईनं आला ती घाई मी सरकारी कामात पुन्हा पाहिली नाही. सुमन पांढरे डोळे घेऊन घरी आली आणि पुढे तिला मुलगी झाली. मुलीचा आवाज चांगला खणखणीत निघाला.

सिस्टरची नोकरी वाचली, पण बदली झाली. नागपूरबाहेर, धानाच्या मुलखात, कुहीला. आई-वडिलांना घेऊन त्या एसटीत बसल्या, आणि गाडी सुटता सुटता खिडकीतून एकेकाला औषधाची आठवण करत होत्या. हेडक्लार्कनी मात्र त्यांना हात जोडले, ह्या खेपेला तरी रोगाचं नाव घेऊ नका म्हणून. आम्ही हसत निरोप दिला. दवाखान्यात नव्या सिस्टर आल्या. चांगल्या होत्या, आवाज मधासारखा. यशोदाबाई कुरकुरायच्या, "आता कोणाले काय झालं, काहीच समजून नाही राहिलं बाप्पा." मलाही ती शांतता खायला उठायची, हे खोटं कशाला सांगू?

पावसाळ्यात एक दिवस इंजिनिअर माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले. खोकल्याचं औषध मागितलं, पण खोकला काही नव्हता. मग म्हणाले, "सिस्टरनी कोणाला सांगितलं का हो? त्या दिवशी मी आणखी जे बोललो ते?"

"त्यांनी? काही नाही. मलासुद्धा नाही."

त्यांनी औषधाची बाटली परत माझ्याकडे सारली. मग बाकाकडे वळून म्हणाले, "तो आधीचा पाइप मी पास केला होता. न तपासता. मी त्यांना म्हणालो होतो, एवढं बोलू नका, मला आत टाकतील."

"जरा जोरानं सांगा जी," यशोदाबाई म्हणाल्या, "त्या टोकाले जाऊन नाही राहिलं." त्यांचा हेतू काही वाईट नव्हता, बाकाला सवयच तशी होती. इंजिनिअरनी घसा खाकरला आणि पुन्हा सांगितलं, ह्या खेपेला सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि तो पास करायला वरून फोन कोणाचा आला होता तेही सांगितलं. आणीबाणी अजून उठली नव्हती. हे सांगितल्यावर आपलं काय होणार हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि झालंही तसंच, महिन्याभरात ते निलंबित झाले. पण त्या दिवशी जाताना त्यांनी माझ्याकडून सिस्टरचा पत्ता विचारून घेतला आणि मग म्हणाले, "नको, तुम्हीच सांगा त्यांना. माझ्याच्यानं तिथे बोलवणार नाही."

मी रविवारी कुहीची गाडी पकडली. दोन्ही बाजूंना धानाची लावणी चालली होती. सिस्टर दवाखान्याच्या पायरीवर बसल्या होत्या आणि पार वाळल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "काय सांगू गा भाऊ, जेवण जात नाही. जन्मात एक गोष्ट पोटात ठेवली, ते सोसून नाही राहिली."

मी त्यांना सगळं सांगितलं.

"सोतानं सांगितलं त्यानं? सगळ्याईसमोर?"

"स्वतःच्या तोंडानं. आणि मोठ्यानं."

सिस्टर तोंडावर पदर घेऊन रडायला लागल्या. आता त्यांचं रडणं म्हणजे काय, तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. बघता बघता चिखलाच्या हातांनी बायका बांधावरून पळत आल्या, पुरुष आले, कोणीतरी मास्तरांना घरून बोलावून आणलं. सगळे एकच विचारत होते, कोण गेलं, कोण गेलं?

सिस्टरनी पदर खाली घेतला. डोळे वाहत होते आणि चेहरा असा फुललेला की काय सांगू.

"कोणी मेलं नाही वं बायाहो," त्या अख्ख्या कुहीला म्हणाल्या, "तिकडे नागपुरात एक माणूस जिता झाला!"

मग त्यांनी आलेल्या सगळ्यांसाठी चहा टाकला आणि माझ्या ताटात वाढलेल्या भाकरीतली अर्धी स्वतः खाल्ली.